पानी आणि अवतरणचिन्ह

आधी काही शब्द लिहितो. पानी. साळा. येळ. इस्तू. जल्म. ठेसन. हापिस. मश्टर.

यातला एकही शब्द चुकलेला नाही. आमच्या वस्तीत तोंडातून जसे निघतात तसे कागदावर उतरवलेत. पण हीच वही एखाद्या मास्तरापुढं ठेवा. लाल शाईनं पान भरून जाईल, आणि खाली शेरा एकच. अशुद्ध.

मित्रांनो, हा शब्द नीट हातात घेऊन बघा. शुद्ध-अशुद्ध. हा सोवळ्यातला शब्द आहे, देवळातला, पाणवठ्यावरचा. हिशेब चुकला तर त्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही, चुकला म्हणतात. आमच्या खात्यात तार तुटली तर तिला कुणी अशुद्ध सूत म्हणत नाही, तार तुटली म्हणतात आणि जोडतात. लेखन तेवढं शुद्ध असावं लागतं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तर गावच्या सवर्णांनी तळ्यात शेण-गोमूत्राचे घडे ओतून ते शुद्ध करून घेतलं. आणि त्याच पाण्यातल्या 'ण'चा 'न' झाला की पुन्हा तोच शब्द. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

बरं, शुद्धच बघायचं असेल तर मुळाशी जाऊ. संस्कृतात शब्द आहे पानीय. त्यात न आहे. प्राकृतात त्याचा ण झाला आणि मराठीनं तो ण घेतला. म्हणजे संस्कृताजवळचं ते शुद्ध या हिशेबानं माझी आय 'पानी' म्हणते ते जास्त शुद्ध ठरतं! दिल्लीच्या हिंदीतही 'पानी'च आहे, तिथं ते राजभाषेत बसतं. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या म्हारवाड्यात आलं की बाटतं. तेव्हा दोष 'न'चा नाही. तो कोणाच्या तोंडात आहे त्याचा आहे.

दुसरं बघा. पोर्तुगीजांचं हॉस्पिटल आपल्याकडं येऊन इस्पितळ झालं. त्यांच्या अफोंसोच्या नावाचा आंबा हापूस झाला. हे दोन्ही शब्द कानाला ऐकू आले तसे, इथल्या जिभेला वळले तसे लिहिले गेले आणि कोशात जाऊन बसले. त्याच रीतीनं ऑफिसचं हापिस झालं, स्टेशनचं ठेसन झालं. रीत एकच. पण हापूस पेटीत बसून मानानं येतो आणि हापिस म्हटलं की लोक हसतात. कारण हापिस म्हणणारा माणूस हापिसाच्या दाराबाहेर स्टुलावर बसलेला असतो.

या लेखात मला याचाच इतिहास लिहायचाय. उच्चाराप्रमाणं लिहिलेला शब्द कधी दगडावर बसला, कधी नाटकात खाली उतरला, कधी अवतरणचिन्हांच्या कोंडवाड्यात गेला आणि तिथनं तो कुणी बाहेर काढला. मी नववीपर्यंत शिकलो. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर पाळी करतो. पुढचं वाचन विहारातल्या कपाटातलं आणि रद्दीच्या दुकानातलं.

सुरुवात तथागतापासून करतो, कारण तंटा तिथंच पहिल्यांदा उभा राहिला. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात गोष्ट आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भाऊ भिक्खू झाले होते. बोलायला गोड, पाठांतर चांगलं. त्यांनी येऊन तक्रार केली, की संघात आता नाना कुळांतले, नाना जातींतले लोक आलेत आणि ते आपापल्या बोलीत बुद्धाचं वचन बिघडवतात. तेव्हा आपण ते छंदांच्या, म्हणजे वैदिक वळणाच्या भाषेत बांधून टाकू. तथागतानं त्यांना फटकारलं आणि धम्म आपापल्या भाषेत शिकायची मोकळीक दिली. पुढं बुद्धघोषानं 'आपली भाषा' म्हणजे बुद्धाची मागधी असा अर्थ लावला. पंडितांत त्यावर अजून वाद आहे. तो त्यांनी करावा. मला तक्रारीचे शब्द महत्त्वाचे वाटतात. बिघडवतात! अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा लाल शाईचा पहिला शेरा म्हणायला हरकत नाही.

मग अशोक. इसवी सनापूर्वीचं तिसरं शतक. हा चक्रवर्ती. याला कुणाच्या बापाची भीती नव्हती. त्यानं देशभर एकाच लेखनाचा हुकूम काढला असता तर कोण अडवणार होतं? पण त्याचे शिलालेख बघा. गुजरातेत गिरनारच्या खडकावर तो 'राजा' आहे. ओरिसात धौलीला आणि उत्तरेत कालसीला तो 'लाजा' आहे. पूर्वेकडच्या, त्याच्या स्वतःच्या मगधाच्या बोलीत र चा ल होत होता. तो तसाच छिन्नीनं कोरला. एकाच आदेशात त्या त्या मुलखाप्रमाणं शब्दांची रूपं बदलतात. लोकांना कळावं म्हणून लिहिलेलं लिखाण होतं ते, लोकांची परीक्षा घ्यायला लिहिलेलं नव्हतं. आपल्या मुंबईजवळ सोपाऱ्यालासुद्धा १८८२ साली या आदेशांचा एक तुकडा सापडला. नालासोपाऱ्याला उतरणारे आपले किती लोक रोज त्याच्याजवळनं जातात.

आता याच 'ल'चं पुढं काय झालं ते ऐका. मला हे कळलं तेव्हा मी रात्रपाळीहून आलेलो होतो आणि मला झोप लागली नाही.

संस्कृत नाटकांत कुणी कुठली भाषा बोलायची हे ठरलेलं असे. राजा, ब्राह्मण, मंत्री हे संस्कृत बोलणार. बायका आणि नोकरचाकर प्राकृत बोलणार. भरताच्या नाट्यशास्त्रात याच्या याद्याच आहेत. 'मृच्छकटिक' या नाटकात फाशी देणारे दोन चांडाळ आहेत. त्यांच्या तोंडी जी बोली घातलीय ती मागधीच्या जातीची आहे. तिची खूण काय? र चा ल आणि स चा श. म्हणजे जो 'ल' सम्राटानं स्वतःच्या नावापुढं दगडात कोरला, तो काही शतकांत चांडाळाच्या तोंडची खूण झाला. उच्चार बदलला नाही. मौर्यांचं राज्य गेलं, बौद्धांचा पाडाव झाला, भाषेच्या दरबारात बसायच्या जागा बदलल्या. कालचा राजाचा 'ल' आजचा मारेकऱ्याचा 'ल'. माझ्या मते जातिव्यवस्थेचा इतिहास लिहिणारांनी एवढ्या एका अक्षरावर एक प्रकरण लिहायला पाहिजे.

नाटककार काही सगळेच दुष्ट नव्हते. 'मृच्छकटिका'तले चांडाळ तर मोठ्या मनाचे आहेत, चारुदत्ताला मारताना त्यांचा हात अडखळतो. पण चांगला असो की वाईट, चांडाळ बोलणार तो पात्र म्हणूनच. नाटक कुठं उघडायचं, कुठं मिटायचं हे सांगणाऱ्या सूत्रधाराच्या जागी तो कधी येणार नाही. हे ध्यानात ठेवा. पुढं आपलं सगळं भांडण इथंच आहे.

मधली हजारेक वर्षं मी भरभर ओलांडतो. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख, गाथासप्तशती, सगळं प्राकृत. तीच 'बिघडलेली' भाषा. मराठीचं जुनेपण सिद्ध करायची वेळ आली तेव्हा याच प्राकृताचा पुरावा पुढं केला गेला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले. ज्या मोडक्यातोडक्या जिभांनी हे जुनेपण टिकवलं त्यांच्या पोरांच्या वहीत लाल शाई चालूच आहे, ते वेगळं. महानुभावांचं 'लीळाचरित्र' तेराव्या शतकातलं, त्यात माणसं बोलतात तशी बोलतात. नागदेवाचार्यांनी केशोबासाला संस्कृतात लिहू नको म्हणून सांगितलं, म्हाताऱ्याकोताऱ्या बायका वंचित राहतील म्हणून. चोखोबा आले, सोयराबाई आल्या. त्यांचे अभंग मात्र दुसऱ्यांच्या वह्यांतनं, दुसऱ्यांच्या हातचे आपल्यापर्यंत आलेत. चोखोबा स्वतः 'पानी' म्हणत की 'पाणी' हे आता कोण सांगणार?

आता इंग्रज. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८५७ ला त्याची वाढवलेली आवृत्ती. १८३६ ला दादोबा पांडुरंगांचं व्याकरण. मोल्सवर्थनं देशावरचा शब्द, कोकणातला शब्द असं मेहनतीनं नोंदलंय, त्याचे उपकार आहेत. पण त्याच्या हाताशी शब्दांचा न्यायनिवाडा करायला शास्त्री मंडळी होती, आणि पुण्याच्या एका आळीत जसं बोललं जाई ते मधोमध बसलं. बाकीचे अपभ्रंश. याच कोशाच्या कामात असलेल्या मेजर थॉमस कँडीनं १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक लिहिलं. मोडीत आणि पोथ्यांत असली चिन्हं नव्हती. ती विंग्रजीतनं आली, आणि त्यांच्याबरोबर अवतरणचिन्ह आलं. बोलणाऱ्याच्या शब्दाभोवती दोन्हीकडनं कुंपण घालायची सोय झाली. कँडी साहेबाचा काही डाव नव्हता. पण गावाला वेस लागते, इथल्यांनी तिचा वेस म्हणून वापर केला.

त्याच्यानंतर पाच वर्षांनी, १८५५ ला, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं. कुणबी आणि त्याची बायको त्यांच्या बोलीत बोलतात, आणि नाटकाच्या शेवटी ती दोघं शिकायला निघतात. संस्कृत नाटकात असं कधी झालं नव्हतं. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं आणि जोतीरावांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. त्याच १८५५ ला त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त आला. पुढं 'गुलामगिरी'त (१८७३) जोतीरावांनी तर शब्दांची मोडतोड हेच हत्यार केलं. महार म्हणजे महाअरी, मोठा शत्रू. भाषाशास्त्राला हे पटणार नाही, मलाही ती व्युत्पत्ती म्हणून पटत नाही. पण ज्या शब्दावर शतकानुशतकं थुंकलं गेलं, त्याचे दोन तुकडे करून त्यातनं तलवार काढणारा माणूस भाषेशी काय करत होता हे आपल्याला कळतं.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांना ते कळलं नाही, किंवा फार चांगलं कळलं. १८७४ पासून निघालेल्या 'निबंधमाले'त त्यांनी फुल्यांच्या विचारांबरोबर त्यांच्या भाषेची, व्याकरणाची यथेच्छ टिंगल केली. मुद्दा खोडता येत नाही तेव्हा वेलांटी पकडायची, ही युक्ती तिथनं सुरू झाली ती आजही चालते. जोतीराव १८८५ ला ग्रंथकार सभेपासून लांब राहिले. जे आमचे माणूस म्हणून हक्क कबूल करत नाहीत, त्यांच्या पुस्तकांचा आणि आमचा मेळ बसणार नाही, हे त्यांनी कळवून टाकलं.

आता येऊ या १९६२ ला. मराठी साहित्य महामंडळानं लेखनाचे चौदा नियम केले, १९७२ ला आणखी चार. सरकारनं ते मानले, शाळेत आले. यात चांगलं झालं ते कबूल करतो. जुन्या छपाईत 'घरांत', 'केलें' अशी उच्चारात नसलेली टिंबं असत, ती व्युत्पत्ती माहीत असणाऱ्यालाच द्यायला जमत. ती गेली. गरिबाच्या पोराच्या पाठीवरचे निम्मे वळ गेले म्हणा. पण दोन नियम बघण्यासारखे आहेत.

एक असा, की कथा-कादंबरीतल्या पात्राच्या तोंडी 'असं केलं', 'मी म्हटलं' अशी उच्चाराप्रमाणं रूपं चालतील. एरवी मात्र 'असे केले', 'मी म्हटले' असंच लिहायचं. बघितलं का? पात्राच्या तोंडी चालेल. मृच्छकटिकातला चांडाळ पुन्हा तिथंच, अवतरणचिन्हांच्या आत. बोलायला परवानगी, सांगायला नाही.

दुसरा असा, की केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना मुळाबरहुकूम छापावं, त्यानंतरचं या नियमांप्रमाणं. म्हणजे जोतीरावांच्या व्याकरणाची टिंगल करणारा माणूसच मराठी गद्याची वेस झाला. त्याच्या अलीकडं एक कायदा, पलीकडं एक.

नियम करणारे काही हवेतनं बोलत नव्हते. लिखाण तसंच चाललेलं होतं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. आमच्याच माणदेशातली. पुस्तक मला आवडतं, त्यातले धनगर मी बघितलेत, ते तसेच बोलतात. पण गोष्ट सांगतो तो मास्तर, आणि मास्तर शुद्ध. धनगर अवतरणात. अण्णाभाऊ साठे तर आपले, मुंबईच्या गिरण्यांत राबलेले, शाळा दीड दिवसाची. 'फकिरा' (१९५९) त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्यातसुद्धा फकिरा बोलतो वारणेकाठचं आणि निवेदन चालतं छापील मराठीत. त्यांना दोष देत नाही. वाटेगावच्या मांगवाड्यातनं आलेल्या माणसाला मलाही तुमची भाषा येते हे आधी दाखवावं लागतं. तमाशात आणि पोवाड्यात, जिथं मास्तर नव्हता, तिथं अण्णाभाऊंची जीभ मोकळी सुटलेली दिसते.

गिरणीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून पुढं जातो. माझा आजा मुंबईला गिरणीत होता, १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला त्यात बाहेर पडला आणि गावी आला तो परत गेला नाही. त्याच्या तोंडात गिरणीचे शब्द होते. थ्रॉसलचं त्रासन खातं. बॉबिनचं बाबीन. मस्टरचं मश्टर. युनियनचं युनेन. त्रासन हा शब्द मला फार आवडतो. साहेबाचा शब्द घेतला आणि त्यात आपला त्रास घालून परत केला. आमचे लोक त्रासनातच असत, साळखात्यात नसत. का नसत? साच्यावर धोट्यातली कांडी संपली की नवी भरून धोट्याच्या भोकाला तोंड लावून तार ओढून घ्यावी लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा? म्हणून जास्त पगाराचं विणकाम आम्हाला बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. क्रांती करायला निघालेल्यांच्या गिरणीत विटाळ धोट्याच्या भोकात बसलेला होता.

आता सांगा, तोंड लागलेल्या धोट्यात आणि तोंड लागलेल्या शब्दात फरक काय? पानी, साळा, जल्म. आमचं तोंड लागलेले शब्द. ते मराठीच्या मागावर चालायचे नाहीत.

ते चालवून दाखवले नामदेव ढसाळांनी. 'गोलपिठा' सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला आला, पँथर १९७२ ची, त्याच्याच आसपास. कामाठीपुरा, फोरास रोडवरचे शब्द, दारूच्या गुत्त्यातले, वेश्यावस्तीतले, हिंदी-उर्दू-दखनी मिसळलेले. आणि हे शब्द कुणा पात्राच्या तोंडी नव्हते. कवीच ते बोलत होता. विजय तेंडुलकर प्रस्तावना लिहायला बसले तर त्यांनाच शब्द अडले. ते कवीला विचारत त्या वस्तीत फिरून आले आणि तसं प्रामाणिकपणे लिहिलं. मराठीतला मोठा नाटककार आपल्याच शहरातले मराठी शब्द विचारत फिरतोय! शब्दकोश घेऊन कुणाच्या दारात कोण उभं राहणार, ती दिशा त्या दिवशी फिरली.

मग १९७८ ला दया पवारांचं 'बलुतं'. नाव बघा. नियमाप्रमाणं 'बलुते' पाहिजे. शेवटच्या त वरचं टिंब पात्राच्या तोंडी चालतं, पुस्तकाच्या कव्हरावर नाही. पवारांनी ते कव्हरावर दिलं. दगडू मारुती पवार दया पवारला गोष्ट सांगतो अशी रचना आहे. शिकलेला दया ऐकतो, आणि दगडू सांगतो. अवतरणचिन्हातला माणूस उठून सूत्रधाराच्या जागी येऊन बसला. तेवढं एक टिंब म्हणजे दीड हजार वर्षांच्या नाटकाचा पडदा फाटल्यासारखं मला वाटतं. १९८० ला लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' कैकाड्यांचे शब्द घेऊन आलं. १९८६ ला बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं'.

आणि त्याच १९८६ ला शांताबाई कांबळेंचं पुस्तक, 'माज्या जल्माची चित्तरकथा'. तीन शब्दांत तीन 'चुका'. माझ्या नाही, माज्या. जन्म नाही, जल्म. चित्र नाही, चित्तर. लिहिणारी बाई कोण? मास्तरीण! सोलापूर जिल्ह्यात शाळेवर शिकवलेली, पुढं शिक्षण खात्यात अधिकारी झालेली. जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या. जन्म कसा लिहायचा हे त्यांना महामंडळाइतकंच ठाऊक होतं. तरी स्वतःच्या आयुष्याला नाव देताना त्यांनी लाल पेन्सिल बाजूला ठेवली आणि आपल्या आईच्या तोंडचं लिहिलं. १९९० ला त्याच्यावर दूरदर्शनला 'नाजुका' ही मालिका झाली.

मी शांताबाईंवर एवढं थांबलो त्याला कारण आहे. आपल्यातच एक वाद आहे आणि तो झाकून उपयोग नाही. आमच्या विहारातल्या एक आजी मला म्हणाल्या, "बाबासायबानं कोट घातला तो कशापायी? आन तुमी शिकून सवरून पुन्ना फाटकं नेसताय व्हय रं?" आजींचा सवाल हसण्यावारी न्यायचा नाही. बाबासाहेबांनी 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) लिहिलं ते खणखणीत ग्रांथिक मराठीत. बोलीचा आधार घेऊन त्यांनी कुणाची दया मागितली नाही. आपल्या पोरांनी अर्ज, निवेदनं, परीक्षेचे पेपर शुद्ध लिहिलेच पाहिजेत, एका वेलांटीवरनं कुणी नोकरी अडवता कामा नये, हे मलाही मान्य आहे. पण कोट घालता येणाऱ्यानं घोंगडी पांघरली तर ती लाचारी होत नाही. शांताबाईंनी हे केलं. ज्याला दोन्ही लिहिता येतं आणि जो ठरवून 'जल्म' लिहितो, त्याच्यापुढं लाल शाई वाळून जाते.

उलटं सांगतो. एका मासिकानं माझी कविता छापली. कवितेत दोन ठिकाणी बोली होती. एका म्हाताऱ्याचं बोलणं अवतरणात होतं, "व्हय रं पोरा", ते तसंच ठेवलं. आणि मी माझ्या तोंडानं 'आय' लिहिलं होतं, त्याची 'आई' करून टाकली. म्हाताऱ्याला बोलीची परवानगी, कवीला नाही. माझी आय मला आई म्हणून ओळखू येत नाही. ती बाई कुणी दुसरीच आहे, तिच्या हातात पाटी नाही, तिच्या पायाला भेगा नाहीत.

सरकारनं २००९ ला मराठीची वर्णमाला नव्यानं ठरवली, तेव्हा तिच्यात ॲ आणि ऑ हे दोन स्वर बसवले. बँक, ऑफिस नीट लिहिता यावं म्हणून. विंग्रजी उच्चारासाठी वर्णमाला सरकून बसते, हे चांगलंच आहे. मग आमच्या उच्चारासाठी आकाश कोसळायचं कारण नाही.

पण दोस्तांनो, आपल्यातल्या लिहिणारांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. हल्ली कुणीही उठतो, सगळ्या ण चे न करतो, दोन-चार 'न्हाय' आणि 'व्हय' पेरतो आणि विद्रोही कविता झाली म्हणतो. ही पण नक्कलच. जुन्या सिनेमातल्या विनोदी गड्याची नक्कल. बोली म्हणजे बिघडलेली मराठी असं मानणाराच असं लिहितो, कारण त्याला वाटतं कशीही बिघडवली तरी चालेल. तसं नसतं. प्रत्येक बोलीचा कायदा असतो आणि तो महामंडळापेक्षा कडक असतो. साताऱ्या-सांगलीचा माणूस 'न्हाय' म्हणेल, पण तो 'मले' कधी म्हणणार नाही. विदर्भातला 'मले, तुले' म्हणेल, त्याचा डोळा 'डोया' होईल. मराठवाड्यात काही भागांत 'मव्हं, तुव्हं' आहे. एका वाक्यात 'मव्हं' आणि 'डोया' आले की समजावं, लिहिणारा कुठल्याच गावचा नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ ला निघाली, ती बघा. लिहिता न येणाऱ्या बाईची गाणी पोरानं उतरून घेतली, पण ळ चा य जिथं व्हायचा तिथंच झालाय. कान तसा पाहिजे. नागराज मंजुळेंच्या 'सैराट'मध्ये (२०१६) पोरगी करमाळ्याकडचं बोलते, ती सगळ्या सिनेमाभर तिथलीच राहते. म्हणून तिला कुणी हसलं नाही.

माझ्याकडं एक वही आहे. तिच्यात आजाचे शब्द उतरवतो. त्रासन, बाबीन, मश्टर, युनेन, हापिस, ठेसन, बालिष्टर. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागेवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि ते शब्द बोलणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांच्या घरात अशी म्हातारी माणसं असतील त्यांनी शब्द लिहून पाठवावेत. गिरणीचे, रेल्वेचे, गोदीचे, वीटभट्टीचे, ऊसतोडीचे, कुठलेही. तो माणूस म्हणतो तसंच अक्षर काढा, सुधारू नका, आणि शब्दापुढं त्याच्या गावाचं नाव टाका. बाई असेल तर तिचं माहेर पण लिहा. बाईची बोली सासरची कमी आणि माहेरची जास्त असते.